'लाईट गेली' म्हणजे नक्की काय गेलं?

पानवेल
भर दुपारचे बारा. खिडकीतून लख्ख ऊन आलंय, घरात एकही दिवा लागलेला नाही. पंखा गरगरत थांबतो आणि सगळे एका सुरात म्हणतात, "लाईट गेली!" उजेड तर जागच्या जागी आहे. मग गेलं काय?

इंग्रजीत लाईट म्हणजे उजेड, फार तर दिवा. पुरवठा बंद पडला की तिथे 'पॉवर' जाते. आपल्याकडे मात्र लाईट येते, जाते, तिचं बिल येतं, तिचा खांब असतो. फ्रीज आणि गिझर चालवून आलेलं बिलही लाईट बिलच. माझ्या मते हा आता इंग्रजी शब्द राहिलेला नाही. मराठीत त्याला स्वतःचा अर्थ मिळालाय. हा अर्थ आला कुठून, आणि तुमच्या भागात तो नेमका कसा वापरतात, हे जाणकारांनी सांगावं.

चकतीचं_मीटर
उगम सरळ आहे. वीज आली तीच मुळात दिव्यांसाठी. १८८२ मध्ये मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, तेव्हा विजेवर ट्रामसुद्धा धावत नव्हती. मुंबईत ती १९०७ मध्ये आली. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. सुरुवातीच्या वीज कंपन्यांची नावं पाहा: नागपूरला होती ती 'नागपूर इलेक्ट्रिक लाईट अँड पॉवर कंपनी'. लाईट वेगळी, पॉवर वेगळी. दिवे-पंख्यांना लागते ती लाईट आणि गिरणीच्या मोटारींना लागते ती पॉवर, अशी ती वाटणी. सामान्य घरात पोचली ती लाईट, म्हणून घराघरात तोच शब्द राहिला.

ही वाटणी आजही तुमच्या भिंतीवर आहे. वायरमन विचारतो, "लाईट पॉइंट किती आणि पॉवर पॉइंट किती?" लाईट पॉइंट म्हणजे दिवा, पंखा आणि ६ अँपिअरचा सॉकेट. त्याला १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. पॉवर पॉइंट म्हणजे १६ अँपिअरचा मोठ्या भोकांचा सॉकेट, त्याला २.५ चौरस मिमी. गिझर किंवा एसी असेल तर ४ चौरस मिमीची स्वतंत्र लाईन बोर्डापासून ओढावी.

बिघडतं ते इथेच. लाईटच्या पॉइंटवर मल्टिप्लग लावून त्यात इस्त्री किंवा इंडक्शन शेगडी चालवतात. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते. ६ चा एमसीबी पडतो, म्हणून कोणीतरी तिथे १६ चा बसवून देतं. आता एमसीबी पडत नाही, पण १.५ ची वायर आणि ६ चा सॉकेट तापत राहतात. सॉकेटच्या पितळी पट्ट्या सैल होतात, प्लास्टिक पिवळं पडतं, जळकट वास येतो. एमसीबी हा वायरच्या जाडीला बघून बसवायचा असतो, उपकरणाला बघून नाही.

शिवारातली_मोटार
वरच्या प्रतिसादात शहर आहे, आमच्या शिवारात हा शब्द आणखी पुढे गेलाय. घरात बल्ब चालू, टीव्ही चालू, आणि ओट्यावर बसलेला माणूस म्हणतो, "अजून लाईट आली नाही." खोटं बोलत नाही तो. त्याच्या बोलण्यात लाईट म्हणजे थ्री फेज. घरातले दिवे सिंगल फेजवर चालतात, ती त्याच्या हिशेबात नाही. ज्या पुरवठ्यावर विहिरीवरची मोटार उचलते, तीच लाईट.

म्हणून गावात नेहमीचा प्रश्न "या आठवड्यात लाईट दिवसाची का रात्रीची?" हा असतो. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शिवाराकडे येणाऱ्या लाईनला, पाळीने पुरवठा मिळतो. पाळी दिवसाची असली तर माणूस उजेडात दारं धरतो, म्हणजे पिकाला पाणी देतो, रात्रीची असली तर बॅटरी घेऊन साप-विंचवातून जातो. रात्रीची लाईट म्हटल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारच येतो, हे या शब्दाचं खरं वजन आहे.

कंदील
पंखा थांबला तर उजेडात लाईट गेली, आणि बल्ब पेटलेला असताना लाईट आली नाही! धागा पहिल्या दोन प्रतिसादांतच वसूल.

अनुस्वार
माझं लक्ष लिंगाकडे गेलं. पुरवठा जातो तेव्हा 'लाईट गेली', स्त्रीलिंगी. भिंतीवरचा असेल तर 'जिन्यातला लाईट लाव', पुल्लिंगी. पहिल्याच्या मागे 'वीज' उभी आहे, दुसऱ्याच्या मागे 'दिवा'. परका शब्द घरात घेताना ज्याच्या जागी तो बसला त्याचं लिंग त्याने घेतलं. मुंबईत 'लाईट गेले' असंही ऐकू येतं, त्याच्यामागे अनेकवचनी 'दिवे गेले' आहे. अनेकवचनही बघा, 'गाडीच्या लायटी', 'मांडवाला लायटी लावल्या'. प्रत्यय थेट मराठी. ज्या शब्दाला आपण आपल्या पद्धतीने चालवतो तो आपलाच. त्यामुळे पानवेल यांच्याशी पूर्ण सहमत.

क्रियापदांतही गंमत आहे. दिवा फुंकर मारून विझवायचे, घरातली मोठी माणसं 'विझव' म्हणायला कचरायची, म्हणून 'दिवा शांत कर', 'मालव'. बटणाचा दिवा आला तरी कित्येक घरांत 'लाईट मालव' राहिलं. बटणाला विझण्याशी काही देणंघेणं नाही, तरी हे क्रियापद टिकलं याचा मला आनंद आहे.

शुद्धलेखनवाला
असहमत. चांगला 'वीज' शब्द असताना लाईट का? विद्युत्, मग प्राकृतात विज्जु, मग वीज, अशी सरळ वाट आहे. वीजबिल, वीजपुरवठा, वीजजोडणी हे शब्द छापील बिलावर आहेतच. बोलतानाही म्हणावेत.

शिवारातली_मोटार
@शुद्धलेखनवाला, शिवारात वीज म्हटलं की आधी आभाळाकडे बघतात. "वीज आली" ऐकून कोणी मोटार चालू करायला जाणार नाही, झाडाखालून बाजूला होईल.

शुद्धलेखनवाला
ती वीज पडते, चमकते, कडाडते. ही येते, जाते, खंडित होते. क्रियापदच अर्थ सांगतं, घोटाळा होत नाही. पण शिवारातला मुद्दा पटला. लेखी 'वीज' आणि तोंडी 'लाईट' ही वाटणी मी मान्य करतो.

फेज_न्यूट्रल
शब्दाचं कौतुक चाललंय, त्यात एक धोका सांगतो. 'लाईट नाही' याचा अर्थ 'करंट नाही' असा धरून माणसं तारेला हात लावतात. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

बल्ब पेटायला दोन वायरी लागतात, करंट आणणारी फेज आणि तो परत नेणारी न्यूट्रल. न्यूट्रल कुठेही तुटली की बल्ब विझतो, पंखा थांबतो, घर अंधारात. पण फेज जिवंत असते, पूर्ण २३० व्होल्टने. उलट आता धोका वाढलेला असतो: एखाद्या चालू बटणाच्या उपकरणातून फेज न्यूट्रलच्या वायरीपर्यंत येऊन थांबते. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, आणि तरी दिवा लागत नाही. ही खूण दिसली की समजायचं, न्यूट्रल गेलीय. मेन स्विच बंद करायचा आणि वायरमन बोलवायचा. 'लाईटच नाही, आता बोर्ड उघडून बघू' असं करायचं नाही.

दुसरी चूक वायरिंगची. बटण फेजवर असायला हवं. कोणी ते न्यूट्रलवर घातलं तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज उभीच. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाचं बोट होल्डरच्या पिनेला लागलं की झटका, आणि झटक्याने खाली पडणं वेगळंच. एलईडी दिवा बटण बंद केल्यावरही काजव्यासारखा मंद मिणमिणतो, त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण निरुपद्रवी आहे: बटणात छोटा इंडिकेटर असला तर त्यातून झिरपणारा करंट एलईडीला पुरतो. कुठलं कारण आहे ते टेस्टरने कळतं. बटण बंद ठेवून, पायात कोरडी रबरी चप्पल घालून, होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. ठळक पेटला तर बटण चुकीच्या वायरीवर आहे.

पानवेल
@फेज_न्यूट्रल, हे फार महत्त्वाचं. आणि कधीकधी लाईट जात नाही, उलट वाढते. दिवे झगझगीत होतात आणि टीव्ही जळतो. तेही न्यूट्रलमुळेच का?

फेज_न्यूट्रल
हो, पण ती न्यूट्रल घरातली नसते, खांबावरची. गल्लीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येतात. काही घरं पहिल्या फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. प्रत्येक घराला फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० मिळतात, पण दोन फेजांमध्ये सुमारे ४०० असतात. खांबावरची न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजांवरची घरं एकमेकांना मालिकेत जोडली जातात आणि ते ४०० आपसात वाटून घेतात. ज्या घरात लोड जास्त त्याच्या वाट्याला कमी व्होल्ट, ज्याचं लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त, ३०० च्याही पुढे. म्हणून शेजारच्या घरात दिवे मंद आणि तुमच्याकडे झगझगीत.

अशा वेळी एकेक उपकरण बंद करत बसू नका. लोड कमी कराल तसे तुमचे व्होल्ट आणखी वाढतील. सरळ मेन पाडा. लाईनमन काम करून गेला की आधी एकच साधा दिवा लावून बघा, जमल्यास मीटरने व्होल्ट मोजा. २१६ ते २४४ च्या दरम्यान असतील तर मग फ्रीज-टीव्ही चालू करा.

वायर_आणि_वही
गावाकडचा तिसरा प्रकार: 'लाईट डीम आहे'. गावातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ११ हजार व्होल्टच्या तीन तारा येतात, प्रत्येकीला एक डीओ, म्हणजे वितळणारी तार असलेला फ्यूज. एक डीओ गेला की खालच्या तीन फेजांपैकी एक पूर्ण राहते आणि दोन जवळजवळ निम्म्यावर येतात. एका आळीत दिवे ठीक, दुसऱ्या दोन आळ्यांत लालसर. घरातलं नुकसान फ्रीजचं. निम्म्या व्होल्टवर कॉम्प्रेसर फिरू शकत नाही, नुसता गुरगुरतो आणि तापतो. दिवे लालसर दिसले की फ्रीजचा प्लग लगेच काढावा.

मोटारीला तर हे जीवघेणं. तीन फेजची मोटार दोन फेजवर उठतच नाही, घूं घूं करते आणि मिनिटांत वाइंडिंग जळतं. आधीपासून चालू असेल तर चालत राहते, पण उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट करंट ओढते. म्हणून स्टार्टरच्या पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एखादी फेज गेली की मोटार बंद पाडणारी डबी, चालू हवा. तो सारखा पाडतो म्हणून त्याच्या वायरी काढून थेट जोडणारे बरेच आहेत. पाडणं हेच त्याचं काम. जास्त करंटला मोटार पाडणारा ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला लावावा, ५ एचपीला साधारण साडेसात-आठ.

कंदील
डीपीवरून सुचलं. गावात "डीपी बदलली" म्हणजे पेढे वाटायची बातमी. फोनवर "डीपी बदलला" म्हणजे नवीन फोटो. इथेही लिंगावरूनच कळतं!

अनुस्वार
@कंदील, अगदी! खांबावरची ती, फोनवरचा तो. खांबावरच्या डीपीचं मूळ नाव 'डबल पोल', म्हणजे दोन खांब. त्यांच्यावर ट्रान्सफॉर्मर बसतो, म्हणून बोलण्यात ट्रान्सफॉर्मरच डीपी झाला.

वायर_आणि_वही
आणि डीपी का जळते तेही इथेच लिहितो. स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. लाईट आली की शिवारातल्या पन्नास मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि मोटार उठताना चालू करंटाच्या पाच-सहा पट ओढते. ट्रान्सफॉर्मरला तो धक्का रोज बसतो. ऑटो काढा, आपापसांत पाच-पाच मिनिटांचं अंतर ठेवा. मोटारीला कपॅसिटर लावा, ३ एचपीला १ केव्हीएआर (हे कपॅसिटरचं माप), ५ एचपीला २. त्याने तारांवरचा करंट घटतो, शेवटच्या विहिरीलाही व्होल्ट मिळतात. कपॅसिटर फुगला किंवा तेल गळू लागलं की तो गेला, बदलायचा.

चौकातला_सिग्नल
अवांतर: रस्त्यावरची लाईट. समोरून येणारा माणूस हाताचा पंजा उघडझाप करतो, म्हणजे "तुमची लाईट चालू आहे". एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाईट कायम चालूच राहतो, बंद करायचं बटणच नाही. तरी सांगणारे अजून प्रेमाने सांगतात. त्यांना हात हलवून धन्यवाद द्यावेत. रात्री मात्र समोरचा 'डिपर मारतो' तेव्हा तुमचा झोत त्याच्या डोळ्यांत जातोय. अपरवरून डिपरवर आणा, आणि तरीही मारत असेल तर हेडलाईटचा स्क्रू फिरवून झोत खाली घ्या.

उशिरा_पेटलेली
ट्यूबलाईटचं नाव कोणी काढलं नाही याचं आश्चर्य. "आत्ता ट्यूब पेटली" किंवा एखाद्याला "ट्यूबलाईट" म्हणणं, हे त्या जुन्या चोकवाल्या पट्टीशिवाय कळणारच नाही. बटण दाबलं की स्टार्टरच्या डबीतल्या निऑन वायूत लुकलुक होते. तिच्या उष्णतेने आतली दोन धातूंची पट्टी वाकते आणि दोन टोकं जुळतात. तेवढ्या वेळात ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात. पट्टी थंड होऊन सुटली की चोक मोठा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पहिल्या झटक्यात नाही जमलं तर पुन्हा सगळं, म्हणून ती लपलप. नव्या एलईडी पट्ट्या क्षणात लागतात, त्यामुळे आजच्या मुलांना ही थट्टा समजावून सांगावी लागते.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालणार असाल तर स्टार्टर काढा आणि चोक बायपास करा. आधी ट्यूबच्या खोक्यावरची आकृती बघा. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. ४० वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर खायची, एलईडीची १८ ते २० खाते.

चकतीचं_मीटर
'झिरोचा बल्ब' हाही याच घरातला. नावात शून्य, खाणं १५ वॅट. रात्री १० तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. चकती फिरणाऱ्या जुन्या मीटरवर एवढ्याशा लोडला चकती जेमतेम सरकायची. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर ते व्यवस्थित मोजतं. अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर तेवढ्याच वापराला महिन्यात ०.१५ युनिट.

आणि लाईट बिलात लाईट किती असते? ९ वॅटचे पाच दिवे रोज ५ तास, महिन्याला पावणेसात युनिट. ७५ वॅटचा एक पंखा १२ तास, २७ युनिट. २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास, ३० युनिट. तेव्हा बिल कमी करायला "जिन्यातली लाईट बंद करा" हे ओरडणं ठीक, पण खरा हात गिझरला आणि पंख्याला घालायला हवा. कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो.

लघुगुरू
एक लाईट राहिली. 'लाईट रंगाचं शर्टिंग', 'रात्री लाईट खा', 'लाईट घे रे'. ही हलकी लाईट. इंग्रजीत उच्चार-स्पेलिंग एक असलं तरी हे दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत. उजेडवाल्या लाईटचं नातं संस्कृतातल्या 'रुच्', 'रोचन' यांच्याशी, म्हणजे प्रकाशणं. हलक्या लाईटचं नातं 'लघु'शी. आणि लघुचं प्राकृतात अक्षरं उलटून 'हलु' झालं, त्यातून आपला 'हळू'. म्हणजे "लाईट घे" आणि "हळू घे" हे दूरचे चुलतभाऊ. शुद्धलेखनवाल्यांना यातून थोडा दिलासा मिळावा.

शुद्धलेखनवाला
मिळाला! हे जपून ठेवतो.

नायगारा_काठ
कॅनडातून. इथे ऑंटारिओत वीजबिलाला 'हायड्रो बिल' म्हणतात आणि लाईट गेली की 'हायड्रो' जाते. नायगाऱ्याच्या पाण्यावर वीज बनली, १९०६ मध्ये त्यासाठी मंडळ झालं, त्याच्या नावातला हायड्रो लोकांच्या तोंडी बसला. आज इथली निम्म्याच्या आसपास वीज अणुभट्ट्यांतून येते, तरी नाव पाण्याचंच. इथल्या मराठी घरांत "हायड्रोचं लाईट बिल भरलं का?" असंही ऐकायला मिळतं.

सीमेवरचा
दक्षिणेकडे कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये 'करंट' जातो. मराठीत करंट 'बसतो' किंवा 'लागतो', म्हणजे झटका. त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाने "करंट आला" म्हटलं की मराठी माणूस दचकून हात मागे घेतो.

पानवेल
सगळे प्रतिसाद वाचले, खूप आभार. मूळ प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर मिळालं: गेला तो पुरवठा, आणि ज्याला जो पुरवठा महत्त्वाचा, त्याची तीच लाईट. आता एक व्यवहाराचा प्रश्न. इतक्या प्रकारे लाईट 'जाते', तर तक्रार करताना काय सांगायचं? नुसतं "लाईट गेली" सांगून लाईनमनला काय कळणार?

वायर_आणि_वही
फोन करण्याआधी दोन मिनिटं बघून घ्या. आधी आपला मेन एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडलाय का. तो पडला नसेल तर मीटरचा डिस्प्ले चालू आहे का. डिस्प्ले चालू आणि घर अंधारात, म्हणजे बहुधा बिघाड मीटरच्या पुढे, तुमच्याच वायरिंगमध्ये. तिथे वायरमन लागतो, लाईनमन नाही. डिस्प्लेही बंद असेल तर शेजारी बघा: सगळी गल्ली गेलीय, एकाआड एक घरं गेलीत, की फक्त तुमचं.

मग महावितरणच्या १९१२ वर सांगताना बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा आणि जे दिसलं तेच शब्द वापरा. "एकाआड एक घरात नाही" म्हटलं की एक फेज गेलीय हे तो समजतो. "एका आळीत ठीक, दोन आळ्यांत मंद" म्हणजे डीओ. "आमच्याकडे झगझगीत, शेजारी मंद" म्हणजे न्यूट्रल, आणि ही तक्रार आहे तशी, तातडीची म्हणूनच सांगा. खांबावर ठिणग्या दिसल्या असतील तर खांबाचा नंबर द्या, नसेल तर जवळचं दुकान सांगा. तार खाली पडली असेल तर आधी पोरं आणि गुरं लांब ठेवा. गावभर लाईट गेलेली दिसली तरी त्या तारेला हात नाही, काठीही नाही. कुणाचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर उलट बाजूने तीत वीज येते. लाईनमनसुद्धा फीडर बंद करून घेतो, आणि तरी तारा आधी अर्थ रॉडने जमिनीला जोडतो, मगच हात लावतो.

शिवारातली_मोटार
आणि लाईट आली की त्याला फोन करून "आली" सांगा. पावसात खांबावर चढलेला असतो तो.